नवी मुंबईची थंडी आणि गरम कपड्यांचा धंदा

नवी मुंबईत थंडी ती कसली, असे पुष्कळ लोक म्हणतात. शेजारच्या मुंबईत सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, पण असा दिवस विरळाच. एरवी जानेवारीत पहाटे १६-१७ आणि दुपारी ३० अंश. लखनौ-पाटण्याहून आलेला माणूस पहिल्या वर्षी नुसत्या सदऱ्यावर फिरतो. दोन-चार वर्षे इथल्या दमट हवेत काढली की त्यालाही शाल लागते. खारघर-पनवेलकडे समुद्र दूर असल्याने पहाट अधिकच गार असते.

आम्ही कापडवाले लोक इथेच फसतो. लुधियान्याचे जाड स्वेटर भरून ठेवावेत, तर थंडी पंधरा दिवसांत निघून जाते, भांडवल अडकते आणि उरलेल्या मालाला कसर लागते. आमचा तजुर्बा असा की जाड मालाचे खरे गिऱ्हाईक म्हणजे डिसेंबरात गावी निघालेला परप्रांतीय कामगार. तो आई-वडिलांसाठी खरेदी करतो. त्याच्या गावी त्या दिवसांत धुके आणि कडाका असतो. म्हणून असा माल थोडाच आणावा आणि नोव्हेंबरातच मांडावा. इथे राहणाऱ्यांसाठी सोलापुरी चादर, पातळ स्वेटर, मफलर आणि कानटोपी पुरेशी. पहाटे अंगावर घ्यावे, दुपारी पिशवीत टाकावे, असा माल खपतो.

बांधकामावरचे मजूर पत्र्याच्या खोल्यांत झोपतात. पत्रा रात्री झटकन गार होतो आणि फरशीचा गारठा खालून चढतो. अंगावर कांबळे असले तरी खाली गादी नसेल तर झोप लागत नाही. ही गरज आमचे पिंजारी बांधव भागवू शकतात. पानिपतचे कांबळे जुन्या लोकरी चिंध्यांच्या सुतापासून बनते. त्याच्या स्वस्त भावाशी नव्या रजईची स्पर्धा होणार नाही. मात्र दबलेला जुना कापूस पुन्हा पिंजला की तो फुलतो, त्यात हवा कोंडून राहते आणि गादी पुन्हा ऊब देते. नव्या गादीपेक्षा हे काम स्वस्त पडते आणि मजुरी कारागिराच्या हाती राहते.

दुकानदारांनी जवळच्या पिंजाऱ्याचा पत्ता गिऱ्हाइकाला अवश्य द्यावा. चादर आपली खपेल, गादी त्याची भरली जाईल आणि परगावाहून आलेला माणूस उबेत झोपेल.