परका कोण, आपला कोण?

बार्शीच्या कॉलेजच्या वार्षिकात फुटबॉलवर लेख पाहून आपल्याला नवल वाटेल. आपल्याकडे यात्रेतली कुस्ती आणि सुटीतले क्रिकेट, एवढीच खेळाची ओळख. मलाही गेल्या दिवाळीपर्यंत फुटबॉलमधले काही कळत नव्हते. माझे मामा बावीस वर्षांपूर्वी, दुष्काळात गाव सोडून, गवंडीकामासाठी गोव्याला गेले ते तिकडेच राहिले. सुटीत मी त्यांच्याकडे मडगावला गेलो आणि तिथे एका वादात सापडलो. तो वाद समजावून सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

फातोर्ड्याच्या मैदानाजवळ एका चहाच्या टपरीवर मामांची संध्याकाळची बैठक असते. त्या दिवशी तिथे नारिंगी जर्सी घातलेला एक तरुण आणि पिकल्या केसांचे एक गृहस्थ यांची चांगलीच जुंपली होती. विषय होता फेरान कोरोमिनास, म्हणजेच कोरो, हा स्पॅनिश खेळाडू. तो 2020 सालीच गोवा सोडून गेला. पण तो एफसी गोवा या संघाचा ‘लेजंड’ आहे की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. ‘लेजंड’ म्हणजे शब्दकोशात दंतकथा. मैदानावर मात्र त्याचा अर्थ असा, की ज्याचे नाव घेतल्यावाचून संघाची कहाणी सांगताच येत नाही, असा माणूस.

तरुणाची बाजू आधी सांगतो. एफसी गोवा हा इंडियन सुपर लीगमधला संघ 2014 साली स्थापन झाला. 2016 च्या हंगामात तो गुणतक्त्यात अगदी तळाला होता. 2017 मध्ये सर्जिओ लोबेरा हे प्रशिक्षक आले आणि त्यांच्याबरोबर कोरो आला. तेव्हा त्याचे वय 34, म्हणजे फुटबॉलमध्ये निवृत्तीचे. पण पहिल्याच हंगामात त्याने 18 गोल केले, दुसऱ्यात 16 आणि तिसऱ्यात 14. लीगच्या 57 सामन्यांत 48 गोल! पहिले दोन्ही हंगाम सर्वाधिक गोलांचा मान त्याचाच. 2019 साली भुवनेश्वरला सुपर कपच्या अंतिम सामन्यात गोव्याने चेन्नईयिनला 2-1 असे हरवले, त्यातला पहिला गोल कोरोचा. पुढच्या हंगामात साखळीत पहिला क्रमांक मिळवून संघाने आशियाई चॅंपियन्स लीगच्या गटात जागा मिळवली. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय संघ.

गृहस्थ ऐकून घेत होते. ते पडले जुन्या धेंपो क्लबचे चाहते. त्यांनी रँटी मार्टिन्स या नायजेरियन खेळाडूचे नाव काढले. रँटी 2004 साली धेंपोत आला आणि 2012 पर्यंत राहिला. त्या आठ वर्षांत धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. 2011-12 च्या एका हंगामात रँटीने 32 गोल केले. “याला म्हणतात लेजंड,” ते म्हणाले. “तुमच्या कोरोने लीगचा चषक कुठे आणला?” हेही खरेच. मार्च 2019 मध्ये मुंबईत अंतिम सामन्याच्या जादा वेळेत बंगळूरच्या राहुल भेकेने गोल केला आणि गोव्याच्या हातातला चषक गेला. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक बोचरा होता. कोरो गेल्यावर त्याच्या जागी इगोर अँगुलो आला आणि त्यानेही 14 गोल करून तोच मान मिळवला. मग मोठेपण माणसाचे की जागेचे?

मी रात्रभर यावर विचार केला. वाद मिटत नाही, कारण दोघांची मापे वेगळी आहेत. एक मोजतो वर्षे आणि चषक. दुसरा मोजतो आनंद. शिवाय परदेशी खेळाडूचा करार एकदोन हंगामांचाच असतो. मैदानावर एका वेळी किती परदेशी उतरवायचे याला मर्यादा असते. 2021-22 पासून ती चारवर आली. त्यामुळे त्यातली एकेक जागा मोलाची, आणि गोल आटले की माणूस बदलला. ज्याला राहण्याची हमीच नाही, त्याच्या निष्ठेचे माप वर्षांनी काढणे मला न्यायाचे वाटत नाही. 2020 मध्ये लोबेरा मुंबई सिटीला गेले, पाठोपाठ गोव्याचे बूमूस, जाहू, फाल हेही गेले. कोरो मात्र भारतातल्या दुसऱ्या कोणत्याही संघाकडून खेळला नाही. तो मायदेशी परतला. पुढचा हंगाम साथीमुळे गोव्यातच, पण रिकाम्या प्रेक्षागारांसमोर झाला.

आपल्या बार्शीचेच पाहा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर इथे धंद्यासाठी आला. 1897 साली त्याने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. तो गेला, ती छोटी गाडीही गेली. पण आगगाडी म्हटले की आपल्या आजोबांना आठवते ती तीच. तो बार्शीकर नव्हता, तरी बार्शीची कहाणी त्याला वगळून सांगता येत नाही. हेच माप लावले तर कोरो एफसी गोवाचा लेजंड ठरतो आणि रँटी धेंपोचा. तळाला गेलेल्या संघाला जिंकण्याची सवय लावणारा माणूस बदलता येत नसतो. अँगुलोला ती सवय तयार मिळाली.

सकाळी मी हे मामांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, “बरोबर हाय तुजं. पर आरं, त्यो तीन वर्सांत ‘आमचो कोरो’ झाला. मला बावीस वर्सं झाली, आजून ‘घाटी’च म्हणत्यात.”

मला उत्तर सुचले नाही. 2014 च्या लुसोफोनिया स्पर्धेसाठी फातोर्ड्याच्या मैदानाची दुरुस्ती झाली, तेव्हा मामा तिथे गिलाव्याच्या कामावर होते. ज्या पायऱ्यांवर उभे राहून हजारो लोकांनी कोरोचे नाव पुकारले, त्यांतल्या काही मामांच्या हातच्या आहेत. हे त्या टपरीवर कोणाला ठाऊक नव्हते; मामांनीही कधी सांगितले नव्हते. दोष एकट्या गोव्याचा नाही. आपल्या बार्शीच्या बाजारपेठेत आणि बांधकामांवर बाहेरून आलेल्या मजुरांना आपण किती नावांनी ओळखतो?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. इतिहासाच्या तासाला मोठ्या माणसांची नावे मी पाठ करतो. त्या वादाने मला एवढे शिकवले, की आपला कोण हे जन्मगावावरून किंवा मुक्कामाच्या वर्षांवरून ठरत नाही. त्याने मागे काय ठेवले हे पाहावे लागते. पण पाहणाऱ्याने पाहिलेच नाही, तर पायरी कितीही पक्की असली तरी तिच्यावर कोणाचेच नाव राहत नाही.

परतताना मी मैदानाच्या फाटकाशी थांबलो. मामांनी बाहेरूनच बोट दाखवले, “त्यो कोपरा माजा.” एवढे मी इथे लिहून ठेवतो.