एकांडा शिलेदार

अकोल्याहून वाशिमकडे जाणारा रस्ता पातुरापाशीं सपाटी सोडून घाट चढूं लागतो. खालचा तो पयनघाट आणि वरचा तो बालाघाट, ही जुन्या वऱ्हाडाची वांटणी येथें उघड्या डोळ्यांनीं दिसते. अठराव्या शतकांत या मुलखांत निजामाचा व नागपूरकर भोसल्यांचा दुहेरी अंमल होता व दोघांचेहि स्वार येथून जात-येत. फौजा गेल्या, अंमल गेले. परंतु स्वारांतील एका जातीचें नांव मराठी भाषेंतून गेलें नाहीं. ती जात म्हणजे एकांडा शिलेदार.

त्याच पातुरांत आज एखाद्या घरीं कॉलेजांत जाणारा मुलगा संगणकापुढें बसून एका अद्भुत देशांत लढत असतो. त्याचा नायकहि एकटा, स्वतःच्या घोड्यावर बसणारा आणि मोल घेऊन तलवार चालविणारा असतो. घरांतील वडील माणसांस हा खेळ परका वाटतो. परंतु त्यांतील पात्र आपल्या जुन्या ओळखीचें आहे. दोघांस शेजारीं शेजारीं उभें केलें म्हणजे एकटेपणाची किंमत काय असते, हें नीट कळून येतें.

शिलेदार हा शब्द फारसींतून आला व त्याचा मूळ अर्थ हत्यार बाळगणारा, इतकाच आहे. मराठी फौजेंत त्यास निश्चित अर्थ प्राप्त झाला. ज्याचा घोडा सरकारी पागेंतला, तो बारगीर. ज्याचा घोडा व हत्यार घरचें, तो शिलेदार. शिवछत्रपतींच्या घोडदळाची रचना कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे व पांच हवालदारांवर एक जुमलेदार. त्याच पंचवीस घोड्यांमागें पाणी पुरविण्यास एक पखालजी आणि नाल मारण्यास एक नालबंद नेमलेला असे. महाराजांनीं भर दिला तो पागेवर. शिलेदारांस त्यांनीं पागेच्या धाकांत ठेविलें.

पुढें पेशवाईंत शिलेदारांचें प्रस्थ वाढलें. बहुतेक शिलेदार आपल्या हाताखालीं स्वारांचें पथक बाळगून चाकरीस येत. एकांड्याजवळ मात्र पथक नसे. एक स्वार, एक घोडा, एक तलवार किंवा भाला, एवढाच त्याचा संसार. करार त्याच्या एकट्याशीं व्हावयाचा. त्याच्यावर मधला धनी नसे, ही त्याची प्रतिष्ठा होती.

परंतु या प्रतिष्ठेचा दुसरा अंगहि पाहिला पाहिजे. बारगिराचा घोडा पडला तर सरकारचें नुकसान होई. एकांड्याचा घोडा पडला तर त्याचें सर्व भांडवलच बुडे. घरीं शेतीवाडी असली तर तीवर कर्ज काढून दुसरा घोडा घ्यावयाचा. नाहीं तर दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर होऊन बसावयाचें. नाल, चंदी, वैरण आणि पाणी हें सर्व त्यानेंच पाहावयाचें. घाट चढण्यापूर्वीं घोड्याचा नाल निखळला, तर त्याच्या शौर्याची सारी भिस्त गांवच्या लोहारावर येऊन पडे. तेव्हां लढाईंत हा मनुष्य घोड्यास जपे, तें भित्रेपणामुळेंच असें म्हणतां येत नाहीं. त्याची रोजी त्या चार पायांवर उभी असे.

अशा पद्धतीची कसोटी वऱ्हाडांतच एकदां लागली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांव येथें भोसले व शिंदे यांच्या फौजांची जनरल वेलस्लीशीं गांठ पडली. आरंभीं मराठ्यांच्या तोफा सुरू होतांच इंग्रजांच्या कांहीं पलटणी बिथरून मागें पळाल्या. परंतु वेलस्लीनें त्यांस आवरून पुन्हां रांगेंत आणलें. सायंकाळीं मराठी घोडदळ मागें फिरलें, तेव्हां चांदण्यांत त्याचा पाठलाग झाला. पराभवाचें खापर केवळ शिलेदारीवर फोडणें अन्यायाचें होईल. तथापि बिथरलेल्या शिपायास परत उभें राहावयास जागा लागते, व ती जागा म्हणजे त्याची पलटण, एवढें त्या दिवशीं दिसून आलें.

आतां पडद्यावरील शिलेदाराकडे वळूं. सोंग घेऊन खेळावयाच्या या खेळांचा पाया १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळानें घातला. मेजाभोंवतीं बसलेल्या मंडळींनीं एकेक पात्र घ्यावयाचें. आरंभीं जाती तीनच होत्या: लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपासक. लढवय्या अंगानें बळकट. मांत्रिक विद्येनें समर्थ पण देहानें दुबळा. जखमा बऱ्या करण्याचें सामर्थ्य धर्मोपासकाकडे. एकाचें उणें दुसऱ्यानें भरून काढावें, अशीच ती योजना होती. पुढें हा खेळ संगणकावर आला व खेळणारा एकटा उरला. मग एकाच वीरास सर्वांचीं कामें करणें भाग पडलें.

पोलंडमध्यें तयार होऊन २०१५ सालीं निघालेला 'द विचर ३' हा खेळ याचें चांगलें उदाहरण आहे. त्याचा नायक गेराल्ट आंद्झेइ सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांतून आलेला आहे. तो 'पांढरा लांडगा' या नांवानें ओळखला जातो. गांवच्या फळीवरील जाहिरात वाचून राक्षस मारण्याचें काम तो घेतो व मोबदल्याची घासाघीसहि करतो. माणसांसाठीं पोलादी व राक्षसांसाठीं चांदीची, अशा दोन तलवारी तो वागवितो. थोडा मंत्र जाणतो आणि आपलीं औषधेंहि स्वतःच सिद्ध करतो. तरीसुद्धां तलवारीची धार झिजली कीं त्यास लोहार गांठावा लागतो.

घोड्याच्या बाबतींत मात्र खेळानें मोठी सवलत दिली आहे. शीळ घातली कीं गेराल्टची घोडी हजर होते, आणि ती मरत नाहीं. मूळ कथांत त्याच्या घोड्या बदलतात. नांव मात्र प्रत्येकीचें एकच राहतें. स्वतः गेराल्ट पडला तरी खेळणारा जपून ठेवलेल्या ठिकाणापासून पुन्हां आरंभ करूं शकतो. एकांड्यास जी चिंता रात्रंदिवस जाळीत असे, तीच येथें काढून टाकली आहे. एकटेपणाचा डौल ठेवला आणि त्याचा खर्च वजा केला, म्हणूनच तो एकटेपणा इतका गोड वाटतो.

लांडग्याचेंहि असेंच आहे. लांडगा हा कळपानें राहणारा प्राणी आहे. एकटा लांडगा बहुधा कळपांतून निघालेला व जोडीदाराच्या आणि जागेच्या शोधांत फिरणारा असतो. एकटेपणा ही त्याची वाटचाल असते, मुक्काम नव्हे.

संस्थेवांचून, पाठबळावांचून काम करणारास आपण आज एकांडा शिलेदार म्हणतों. कागदपत्रांसाठीं गांवोगांव हिंडणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांस ही पदवी शोभते. परंतु त्याच राजवाड्यांनीं १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यांत पुढाकार घेतला, हें विसरतां कामा नये. एकट्यानें जमविलेलें एकट्याबरोबर जाऊं नये, हें ते जाणत होते.

मुलानें खेळांत एकट्यानें राक्षस मारावेत. त्यांत वाईट कांहीं नाहीं. धैर्याची हौस चांगलीच असते. फक्त त्या घोडीस नाल कोणी मारला आणि चंदी कोणी घातली, हा प्रश्न घरांतील वडिलांनीं त्यास एकदां विचारावा. त्याचें उत्तर खेळांत नाहीं. तें पातुरच्या घाटाखालीं घोडा थांबवून नालबंदाची वाट पाहणाऱ्या स्वारास ठाऊक होतें.