टोळीचा संसार ट्रॉलीवर लादताना



दसरा झाला की आपल्यातले ट्रॅक्टरवाले टोळ्या आणायला बीडकडे निघतात. दहा कोयत्यांची टोळी म्हणजे दहा संसार. धान्याची पोती, पत्र्याच्या पेट्या, कोपीचे बांबू, ताडपत्र्या, हंडे, शेळ्या आणि या ढिगाच्या शेंड्यावर पोरंबाळं! ऊस भरायला आपला हात बसलेला आहे, पण संसाराचे ओझे उसासारखे नसते. मोळ्या एकमेकींत रुतून बसतात. पोती आणि पेट्या घसरतात.

पोत्यांवर बसायला बरे, म्हणून बरेच जण पोती वर ठेवतात. हे उलटे आहे. वजन जितके उंच, तितकी ट्रॉली वळणावर लवकर कलंडते. पोती-पेट्या तळाला, गोधड्या आणि ताडपत्र्या वर. कोयते पोत्यात गुंडाळून बांधावेत. वेग दुप्पट केला की वळणावर बाहेर फेकणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे.

दोन चाकी ट्रॉली असेल तर आणखी एक गोष्ट. ओझे आसाच्या मागे जास्त झाले की हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि ब्रेक मारला तरी पकड राहत नाही. फार पुढे लादले तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलते. जड माल आसाच्या थोडा पुढे, डाव्या-उजव्या बाजूला सारखा ठेवावा. सोल कितीही आवळला तरी माल दबून तो सैल पडतोच. पाच-सहा किलोमीटरवर थांबून पुन्हा पीळ द्यावा.

रानात वळताना आपण डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरतो. रस्त्याला लागण्यापूर्वी दोन्ही पायपट्ट्या खिट्टीने जोडल्या आहेत ना, हे बघितलेच पाहिजे. नाहीतर घाईत एकाच पट्टीवर पाय पडला की ट्रॅक्टर एकीकडे ओढतो आणि मागची ट्रॉली आडवी येते. घाटात न्यूट्रल नको. ज्या गिअरात चढ चढलात, त्याच गिअरात उतरा.

आता माणसांचे. ‘एवढ्या लांब वेगळी गाडी कोण करणार?’ असे आम्हाला नेहमी ऐकावे लागते. खर्च आहे, हे खरे. पण मालगाडीत फुकट बसवलेल्या माणसांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली दिला आहे. विम्याचा हप्ता भरला म्हणून निर्धास्त राहू नका, बोजा मालकावरच येऊ शकतो. आणि गेलेले लेकरू भरपाईने कुठे परत येते? शेंड्यावर बसलेल्याला विजेची लोंबती तार दिसेपर्यंत ट्रॉली तिच्याखाली गेलेली असते. बायका-मुलांना एस.टी.ने आणावे. तिकिटाचा खर्च कोणाकडे, हे मुकादमाशी उचल देतानाच ठरवून टाकावे.

रात्री ट्रॉली थांबवावी लागली तर मागचा लाल दिवा आणि लाल परावर्तक पट्ट्या मालाखाली झाकल्या गेल्या नाहीत ना, हे उतरून बघा. पंक्चर काढून निघताना चाकाला लावलेले उटीचे दगड रस्त्यावर सोडू नका. मागून आपलाच कोणीतरी मोटारसायकलवर येत असतो.