फुकटच्या खेळाची किंमत

खेळ ही मनुष्याची नैसर्गिक भूक आहे. अन्नाप्रमाणें तिचीहि तृप्ति झाली पाहिजे. आणि अन्नाप्रमाणेंच ती कशानें व किती भागवावी, याचा विवेकहि राखला पाहिजे. आमच्या धाराशिव जिल्ह्यांत तर खेळाला देवाधर्माचाहि स्पर्श आहे. तुळजापुरास भारतीबुवांचा मठ आहे. श्रीतुळजाभवानी त्या मठांत सारीपाट खेळावयास येत असे, अशी आख्यायिका तेथें पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. देवीच्या आराध्यांच्या गळ्यांत जिची माळ असते, तीच कवडी आमच्या आजीबाई पटावर टाकीत आल्या, आणि तीच एके काळीं बाजारांत नाणें म्हणूनहि चालत असे. पूजा, खेळ आणि पैसा या तिन्ही ठिकाणीं एकच वस्तु! खेळ आणि पैसा यांचें नातें किती जुनें आहे, हें त्या एका कवडीवरून कळतें.

आतां कवडीची जागा मोबाइल फोननें घेतली आहे. सन २०१६ पासून इंटरनेट स्वस्त झालें. २०२० मध्यें करोनाच्या सांथीनें शाळा बंद पडल्या तेव्हां धडेहि फोनवर येऊं लागले. आणि धड्यांच्या पाठोपाठ खेळहि आले. त्यांतील एका विशिष्ट जातीच्या खेळाविषयीं खेळणारांचीं मतें काय आहेत, तीं एकमेकांहून इतकीं भिन्न कां, आणि त्यांतून आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं काय घ्यावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

ही जात दोन निरनिराळ्या खेळांच्या मिलाफानें झाली. पहिला खेळ जुळवाजुळवीचा. पटावर रंगीबेरंगी मणी मांडलेले असतात. शेजारच्या दोन मण्यांची अदलाबदल करून एकाच रंगाचे तीन मणी एका ओळींत आणले कीं ते नाहींसे होतात व वरून नवे मणी खालीं उतरतात. १९९४ मध्यें रशियांत ‘शारिकी’ नांवाचा असा खेळ निघाला. २००१ मध्यें ‘बिज्वेल्ड’ या खेळानें ही तऱ्हा जगभर नेली. आणि २०१२ मध्यें निघालेला ‘कँडी क्रश सागा’ तर आमच्या एस. टी. च्या गाडींतहि उतारूंच्या हातीं दिसूं लागला. दुसरा खेळ भूमिकेचा. त्यांत खेळणारा एखाद्या वीराचें सोंग घेतो, लढाया मारतो आणि अनुभवानें बळ वाढवितो. २००७ मध्यें ऑस्ट्रेलियांतील एका कंपनीनें ‘पझल क्वेस्ट’ हा खेळ काढून या दोहोंचें लग्न लाविलें. पुढें २०१२ मध्यें जपानांत ‘पझल ॲण्ड ड्रॅगन्स’ हा त्याच वळणाचा खेळ निघाला, आणि तो कोणासहि फुकट खेळतां येईल असा ठेवण्यांत आला. फुकटच्या या खेळाच्या जोरावर त्याच्या कंपनीच्या सर्व शेअरांची किंमत २०१३ च्या मे महिन्यांत कांहीं काळ ‘निन्टेन्डो’ या जुन्या व नामांकित कंपनीच्याहि वर गेली!

उदाहरणादाखल २०१७ मध्यें फिनलंड देशांतील एका लहानशा कंपनीनें काढलेला ‘एम्पायर्स ॲण्ड पझल्स’ हा खेळ घेऊं. यांत सात उभ्या व पांच आडव्या ओळींचा पट असतो. तांबडा, हिरवा, निळा, पिवळा व जांभळा असे पांच रंग असतात. तांबडा हा अग्नि, तो हिरव्या वनस्पतीस भारी. हिरवा निळ्या हिमास भारी. निळा तांबड्यास भारी. आणि पिवळा व जांभळा, म्हणजे प्रकाश व अंधार, एकमेकांस भारी. खेळणाऱ्याच्या पदरीं पांच वीरांची तुकडी असते. ज्या रंगाचे मणी जुळावे त्या रंगाचे वीर शत्रूवर वार करितात व त्यांची विशेष शक्ति भरूं लागते. शिवाय स्वतःचा कोट बांधावा, शेतें व खाणी वाढवाव्या, शिपाई तयार करावे, अशीहि सोय आहे. नळदुर्ग आणि परांडा येथील तटबंदी पाहिलेल्या आमच्या मुलांस याची गोडी लागावी, यांत नवल तें काय?

आतां खेळणारे काय म्हणतात तें ऐकूं. प्रथम स्तुति. पुष्कळ जण सांगतात कीं, हा खेळ केवळ बोटांचा नसून बुद्धीचाहि आहे. कोणता वीर कोणत्या शत्रूपुढें उभा करावा, विशेष शक्ति लगेच वापरावी कीं राखून ठेवावी, याचा विचार करावा लागतो. दुसरें असें कीं, एक डाव थोडक्या वेळांत आटपतो. तिसरी व सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे संघ. तीस खेळाडूंपर्यंतचा एक संघ करून सर्वांनीं मिळून एका प्रचंड राक्षसाशीं लढावयाचें असतें. त्यांतून दूरदेशच्या माणसांशीं स्नेह जडतो. कित्येक जण तर म्हणतात, ‘‘खेळाचा कंटाळा आला आहे, परंतु संघांतील मंडळींस सोडवत नाहीं.’’ आणि चौथें, धीर धरणाऱ्यास एक पैहि न देतां पुष्कळ दूरवर जातां येतें. हीं मतें खोटीं नाहींत.

परंतु निंदाहि तितकीच आहे, व तीहि बहुधा त्याच खेळाडूंच्या तोंडून येते. आरंभीं खेळ भराभर पुढें सरकतो, आणि गोडी लागली कीं त्याची चाल मंदावते. बलवान् वीर हवा तर तो दैवयोगानेंच मिळतो. मिळाला तरी त्याला पूर्ण वाढविण्यास लागणारें दुर्मिळ साहित्य महिनोन् महिने जमत नाहीं. बरें, एवढें सगळें करून वीर तयार करावा, तों कंपनी त्याहून बलिष्ठ असे नवे वीर बाहेर काढते व कालचा महारथी आज पायदळांत जातो. शिवाय संघाच्या युद्धाचा दिवस आला कीं ठरल्या वेळीं हजर राहिलेंच पाहिजे. न राहिल्यास इतरांचा रोष. अनेकांनीं तक्रार केली आहे कीं, करमणूक म्हणून धरलेली वस्तु शेवटीं चाकरी होऊन बसली.

येथें सुज्ञ वाचक विचारील, ‘‘खेळ जर फुकट, तर कंपनीचें पोट कशावर भरतें?’’ प्रश्न अगदीं योग्य आहे. २०१८ च्या डिसेंबरांत ‘झिंगा’ या अमेरिकन कंपनीनें फिनलंडच्या या कंपनीचा शेकडा ८० हिस्सा ५६ कोटि डॉलरांस घेण्याचा करार जाहीर केला. फुकट वाटल्या जाणाऱ्या वस्तूस एवढें मोल यावें, याचा अर्थ कोणी तरी पैसे देत आहे खास. अशा खेळांत बहुतेक लोक कांहींच देत नाहींत. थोडे जण थोडें देतात. आणि अगदीं मूठभर लोक फार मोठ्या रकमा देतात. हे पैसे मुख्यतः जातात वीर मिळविण्याच्या सोडतीसाठीं. जपानांत नाणें टाकून कळ फिरविली कीं कोणतें तरी एक खेळणें बाहेर पडतें अशीं यंत्रें असतात. त्यांवरून या सोडतीस ‘गाचा’ असें नांव पडलें आहे.

या सोडतीचें गणित आमच्या विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. समजा, चैत्री पौर्णिमेस येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेंत एका दुकानदारानें पेटींत शंभर चिठ्ठ्या ठेविल्या व त्यांत एकच बक्षिसाची आहे. जो कोणी शंभरहि चिठ्ठ्या विकत घेईल त्यास बक्षीस निश्चित. परंतु दुकानदार जर काढलेली चिठ्ठी प्रत्येक वेळीं घडी घालून पुन्हां पेटींत टाकीत असेल, तर? मग शंभर वेळां काढूनहि बक्षिसाची हमी नाहीं. गाचाची पेटी साधारणतः या दुसऱ्या प्रकारची असते. शेकड्यास एक असा योग असतां शंभर खेळाडूंनीं प्रत्येकीं शंभर चिठ्ठ्या काढल्या, तर हिशेबानें सुमारें ६३ जणांस निदान एकदां बक्षीस लागेल, व सुमारें ३७ जण रिक्त हस्तें परत जातील. कांहीं खेळांत ठराविक संख्येनंतर बक्षिसाची हमी दिलेली असते. ती नसेल तेथें मागच्या शंभर अपयशांचा पुढच्या चिठ्ठीस तिळमात्र उपयोग नाहीं. ‘‘इतके दवडले, आतां लागेलच’’ ही समजूत गणितास मान्य नाहीं. महाभारतांत युधिष्ठिर एक पण हरला म्हणून दुसरा लावीत गेला, आणि त्या वाटेनें राज्य, भाऊ व शेवटीं द्रौपदीहि गेली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचें एक संपूर्ण सूक्त आहे. मनुष्याचें हें दौर्बल्य कांहीं आजचें नव्हे. नवें आहे तें एवढेंच कीं, पटावर कवडी दोघांच्याहि हातीं येत असे. येथें ती सदैव कंपनीच्या हातीं असते.

आतां एकाच खेळाविषयीं दोन टोकांचीं मतें कां, हें कळणें अवघड नाहीं. ज्या ६३ जणांस वीर मिळाला, ते आपला आनंद चारचौघांत सांगतात. ३७ जणांपैकीं बरेच मुकाट्यानें निघून जातात. म्हणून कानांवर येणाऱ्या बातम्यांत यश अधिक व अपयश कमी असतें. ज्यानें पुष्कळ पैसा घातला त्याला ‘माझा पैसा व्यर्थ गेला’ असें म्हणणें जड जातें. तो स्तुति करीत राहतो. ज्यानें नुकताच आरंभ केला त्यास पुढचा चढ ठाऊकच नसतो. आमच्या जिल्ह्यांतील तेर हें संत गोरोबाकाकांचें गांव. संतमंडळींतील कच्चें मडकें कोणतें व पक्कें कोणतें, हें त्यांनीं थापटण्यानें थापटून पाहिलें, ही कथा आमच्या मुलांस मुखोद्गत आहे. मतांचीहि परीक्षा तशीच करावी. मत देणारा किती दिवस खेळला? त्यानें किती पैसे घातले? तो जिंकला कीं हरला? आणि दुसऱ्याला बोलावून आणण्यांत त्याचा कांहीं लाभ आहे काय? या चार थापटांनीं बहुतेक मडक्यांचा आवाज कळून येतो.

सरकारांनींहि या बाबतींत डोळे मिटलेले नाहींत. २०१२ मध्यें जपानानें, अनेक वस्तूंचा संच पुरा केल्यावरच मोठें बक्षीस देणारी गाचाची एक जात बेकायदेशीर ठरविली. २०१७ च्या डिसेंबरांत ‘ॲपल’ कंपनीनें नियम केला कीं, अशा सोडतींत कोणत्या वस्तूचा योग किती, हें खरेदीपूर्वीं खेळाडूस दाखविलें पाहिजे. २०१८ मध्यें बेल्जम देशाच्या जुगार-नियामक मंडळानें पैसे देऊन उघडावयाच्या अशा कित्येक पेट्या जुगारांत जमा केल्या. आपल्या देशांत २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें कायदा करून, पैसे लावून पैसे जिंकण्याची आशा दाखविणाऱ्या ऑनलाइन खेळांस बंदी केली. परंतु ज्या खेळांत पैसा फक्त आंत जातो व बदल्यांत केवळ चित्रांतील वीर मिळतो, तेथें हरणें डोळ्यांस दिसत नाहीं. आणि न दिसणाऱ्या हानीचा बंदोबस्त अखेर घरांतच करावा लागतो.

घरांत म्हणजे कोणाच्या घरांत, हेंहि ध्यानांत घ्यावें. आमच्या जिल्ह्यांतील कित्येक आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागें मुलें आजीआजोबांजवळ असतात, आणि आईबापांचा आवाज ज्यांतून ऐकावयाचा तो एक फोनहि त्यांच्याजवळ असतो. त्याच फोनवर घरखर्चाचे रुपये येतात, त्याच फोनवर अभ्यास येतो, व त्याच फोनवर सोडतीची पेटीहि चकाकत असते. कोयत्यानें मिळविलेला पैसा एका बोटाच्या स्पर्शानें जाऊं शकतो.

यासाठीं पालकांस आमची विनंती अशी: फोनवरून पैसे देण्याचा गुप्त अंक मुलांस सांगूं नये, प्रत्येक खरेदीपूर्वीं परवलीचा शब्द विचारला जाईल अशी व्यवस्था फोनमध्यें करून घ्यावी, ती जमत नसल्यास एखाद्या जाणत्या माणसास विचारण्यांत कमीपणा मानूं नये. खेळाची वेळ ठरवून द्यावी, आणि मधून मधून मुलाजवळ बसून तो काय खेळतो हें प्रेमानें पाहावें. नुसत्या रागावण्यानें मूल खेळ सोडीत नाहीं. तें फक्त चोरून खेळूं लागतें. कोणी परका मनुष्य ‘खेळांतील रत्नें स्वस्तांत देतों’ म्हणून अंक मागूं लागला तर तो ठक समजावा. फसवणूक झालीच तर १९३० या सरकारी क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस आम्ही ‘खेळूं नका’ असें सांगत नाहीं. तीन मणी जुळविण्यांत खरोखरच आनंद आहे, आणि रंगांची बलाबलें ओळखून डाव रचण्यांत बुद्धीला व्यायामहि आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें खेळावरील ताबा सुटणें व त्यापायीं इतर सर्व कर्तव्यें मागें पडणें ही अवस्था रोगांच्या यादींत घातली असून, ती यादी २०२२ च्या जानेवारीपासून अंमलांत आली आहे, हेंहि विसरूं नका. एक वही करा. रोज किती मिनिटें खेळलों व किती रुपये गेले, तें महिनाभर तींत प्रामाणिकपणें लिहा. महिन्याच्या अखेरीस बेरीज करा आणि स्वतःस विचारा, ‘एवढ्या किमतीस हा खेळ मीं बाजारांतून आणला असता काय?’ उत्तर ‘होय’ आलें तर सुखानें खेळा. ‘नाहीं’ आलें तर फोन खालीं ठेवून मैदानाची वाट धरा. त्या खेळाविषयीं जगांत हजारों मतें असतील. पण त्या वहींतील मत तुमचें स्वतःचें असेल, आणि तें पक्क्या मडक्यासारखें खणखणीत वाजेल.