मुलुंडच्या शेगडीत हायड्रोजन?

अंधेरी ते मुलुंड, स्वयंपाकघरात नळाने गॅस आणणाऱ्या महानगर गॅसची प्रवर्तक म्हणजे गेल. ही सरकारी कंपनी आता हायड्रोजनकडे वळली आहे. जानेवारी २०२२मध्ये तिने इंदूरच्या गॅसजाळ्यात तो मिसळायला सुरुवात केली. २०२४ साली मध्य प्रदेशात विजयपूरला १० मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. तिथे विजेने पाण्याचे विघटन होते. वीज सौर किंवा पवन असली, तरच हा हायड्रोजन हरित.

मुंबईला हायड्रोजन तसा जुनाच! १८६५मध्ये रस्त्यांवर पेटलेल्या कोळसा-गॅसच्या दिव्यांत मोठा वाटा त्याचाच होता.

अडचण वेगळीच. तेवढ्याच घनफळात त्याची ऊर्जा नैसर्गिक वायूच्या जेमतेम एकतृतीयांश. शिवाय तो पोलादात शिरून त्याला ठिसूळ करू शकतो. गल्लीबोळांतल्या पॉलिथिलीनच्या नळ्यांना मात्र ही भीती नाही.