आधी कुत्रं होतं, मग लांडगा झाला!

वीकएंडची पहाट, इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी. गाडीत आम्ही सहा जण. मी सोडून सगळे आयटीवाले. समोरच्या गवतातून एक पिवळसर कुत्रं रमतगमत चाललेलं. कुणी ढुंकूनही बघेना, सगळ्यांना चिंकारा हवा होता. तेवढ्यात गाइड पुटपुटला, ‘लांडगा.’ झालं! मैत्रिणीने झटकन पाय आत ओढले, एकाने माझा दंड धरला. प्राणी तोच, अंतर तेवढंच. बदलला तो फक्त शब्द.

मग ही भीती उपजत म्हणायची की शिकलेली?

1980 च्या दशकात अमेरिकेत सुझन मिनेका यांनी माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरतच नव्हती. जंगलातून आणलेलं माकड सापाला घाबरताना दिसलं, की काही मिनिटांत तीही घाबरायला लागली. गंमत म्हणजे, माकड फुलाला घाबरतंय असं व्हिडिओत जुळवून दाखवलं, तर त्याचा काही परिणाम नाही! म्हणजे काही भीतींसाठी जमीन आधीच नांगरलेली असते. बी दुसरं कुणीतरी टाकतं.

1985 सालचा एक प्रयोग तर मला फारच आवडतो. वर्षाच्या बाळांसमोर काचेखाली छोटासा खड्डा, पलीकडे आई. जायचं की नाही, कळेना. बाळं आईच्या तोंडाकडे बघायची. आई हसली तेव्हा 19 पैकी 14 बाळं रांगत पार गेली. आईने घाबरल्याचं दाखवलं तेव्हा 17 पैकी एकही नाही.

आपल्याला लांडगा भेटला तो ‘लांडगा आला रे आला’च्या गोष्टीत. या माळावरच्या धनगरांना तो रोजचा. 2024 मध्ये वनखात्याने इथे आणि बारामतीतल्या शिर्सुफळला सफारी सुरू केली. त्याच्या किती पिढ्या आधीपासून त्यांची मेंढरं इथे चरतायत. परतताना एका वाड्यापाशी थांबलो.

‘कोकरू नेतो की,’ मेंढपाळ म्हणाला. ‘कुत्री हायेत, रातचं जागतो. भ्यायचं काय त्यात?’

पण कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि गेल्या काही वर्षांत त्यात बिबट्या दिसू लागला. हा पाहुणा माळाच्या ओळखीचा नाही. त्याच्याबद्दल विचारलं, तसा तो थांबला. लांबच्या फडाकडे बघत राहिला.

‘त्याचं अजून कळंना बघा, ताई.’

मांडीवरचं पोर त्याच्या तोंडाकडे बघत होतं.