आइस मेकर कोरडा का राहतो?

दोन दारांचा मोठा फ्रीज घरी येतो, कंपनीचा माणूस मागून पांढरी बारीक नळी जोडून जातो, आणि आठवडा उलटला तरी आइस मेकरच्या साच्यात पाण्याचा थेंब नसतो. ‘मशीनच खराब निघालं’ हा निष्कर्ष घरात लगेच निघतो. मग आइस मेकर बदलला जातो, पैसे जातात आणि साचा पुन्हा कोरडाच राहतो. पाण्याची वाट न तपासता मशीनवर खर्च होतो, याचं फार वाईट वाटतं.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की आइस मेकर पाणी ओढून घेतो. नळीने जोडलेल्या बहुतेक फ्रीजमध्ये पाणी ओढणारा पंपच नसतो. फ्रीजच्या पाठीमागे, खालच्या बाजूला विजेवर उघडणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. साच्यातला बर्फ खाली पडला की हा व्हॉल्व्ह मोजके सेकंद उघडतो, बऱ्याच साध्या मॉडेलांत साधारण ७ सेकंद. तेवढ्यात पाण्याने स्वतःच्या दाबाने वर चढून साचा भरायचा. दाब कमी असला तर तेवढ्या वेळात चार चमचे पाणीच पोचतं. खड्याएवढे, आतून पोकळ तुकडे पडत असतील तर ती याचीच खूण.

बऱ्याच कंपन्या किमान २० पीएसआय दाब मागतात. म्हणजे सुमारे १४ मीटर उंच पाण्याचा दाब. मजला ३ मीटरचा धरला, तर टाकीतलं पाणी फ्रीजपेक्षा साडेचार मजले वर हवं. अमेरिकेत शहराच्या नळाचं पाणी सहसा दाबानेच थेट स्वयंपाकघरात येतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न क्वचित पडतो. पुण्या-ठाण्याच्या सोसायटीत पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत, मग गच्चीवर आणि तिथून खाली घरात येतं. सात मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा आइस मेकर भरभरून बर्फ देतो आणि सहाव्या मजल्यावरचा तोच फ्रीज रुसतो, तो यामुळे. सहाव्या मजल्याच्या डोक्यावर जेमतेम सात-आठ मीटर पाणी असतं, म्हणजे दहा-अकरा पीएसआय. वरच्या मजल्यांसाठी सोसायटीने प्रेशर पंप बसवला असेल तर गोष्ट वेगळी.

‘आमची टाकी दहा हजार लिटरची आहे, दाब कसा कमी असेल?’ असंही विचारलं जातं. दाब उंचीवर ठरतो, टाकीच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. टाकी दुप्पट केली तर पाणी जास्त वेळ पुरेल, नळीतला जोर तेवढाच राहील.

आरओला जोडलं की काम झालं, ही समजूतही खरी नाही. आरओमधला पंप पाणी पडद्यातून ढकलण्यासाठी असतो. शुद्ध झालेलं पाणी आतल्या छोट्या टाकीत साठतं आणि तिथून नुसत्या उतारावर बाहेर पडतं. त्या नळाला फ्रीज जोडला तर दाब जवळजवळ शून्य. मधे छोटा बूस्टर पंप बसवला की बऱ्याच घरांतला प्रश्न तिथेच सुटतो. पंप घेण्याआधी काहीशे रुपयांचा प्रेशर गेज नळीच्या टोकाला लावून आकडा पाहून घ्यावा.

आणखी एक फसवा पुरावा म्हणजे दारातून ग्लासात येणारं पाणी. ‘तिथे येतंय, मग दाब ठीक असणार.’ ग्लास भरेपर्यंत आपण बटण दाबून धरतो, त्यामुळे धार बारीक असली तरी लक्षात येत नाही. आइस मेकरला तेवढी सवलत मिळत नाही. शिवाय अनेक फ्रीजमध्ये दोन्हीकडच्या पाण्यासाठी वेगवेगळे व्हॉल्व्ह असतात, त्यातला एक चालला म्हणून दुसरा चालेलच असं नाही.

बर्फ होत नाही म्हणून फ्रीझर आणखी थंड करून ठेवणारेही पुष्कळ. साचा उणे ९-१० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय बहुतेक आइस मेकर बर्फ पाडत नाहीत, आणि बर्फ पडल्याशिवाय पाणी मागत नाहीत. त्यामुळे फ्रीझर उणे १८ ला हवा, दाराचं रबर घट्ट बसायला हवं, हे खरं. पण पाण्याच्या नळीचं तोंडच गोठलं असेल तर थंडी वाढवून अडचण वाढते. टॉर्च घेऊन साच्याच्या वर, मागच्या बाजूला पाहा: नळीच्या तोंडाशी बर्फाची पांढरी काडी अडकलेली दिसेल. यामागेही अनेकदा कमी दाबच असतो. व्हॉल्व्ह घट्ट मिटायला पाण्याचाच दाब मदत करतो. तो नसला की थेंब-थेंब गळत राहतो आणि तोंडाशी गोठतो. हा बर्फ सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने टोचू नका. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील वायू असतो, चुकून त्याची नळी फुटली तर धोका आहे. प्लग काढा, दार उघडं ठेवा, खाली टॉवेल अंथरा आणि बर्फ आपोआप वितळू द्या.

फिल्टर नवा म्हणून निर्धास्त राहू नये. तो पुरता फिरवून बसला नसेल तरी पाणी अडतं. बोअरचं जड पाणी असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाची बारीक जाळी क्षाराने बुजते, आणि ती फिल्टरच्याही आधी असू शकते. बर्फाची पातळी पाहणारी तार वर अडकली असेल तर आइस मेकर बंदच राहतो, तेही पाहून घ्यावं.

मेकॅनिकला फोन करण्याआधी दोन गोष्टी करा. साच्यात हाताने शंभर मिलीलिटर पाणी ओता. दोन-तीन तासांत बर्फ होऊन आपोआप खाली पडला, तर आइस मेकर धडधाकट आहे. मग फ्रीजच्या मागे कान द्या. बर्फ पडल्यावर काही सेकंद गुणगुण ऐकू आली आणि साचा तरीही कोरडा राहिला, तर व्हॉल्व्ह उघडतोय, पाणी पोचत नाहीये: दाब, फिल्टर, जाळी, गोठलेली नळी यांतलं काहीतरी. गुणगुणच आली नाही तर व्हॉल्व्ह किंवा त्याची वायर. ते काम जाणकाराचं, आणि हे दोन्ही निकाल त्याला फोनवरच सांगून टाका.